कॅम्पसच्या सुरक्षेचं काम: आमचा अनुभव

सुरक्षा समितीची पहिली बैठक बहुधा ‘कॅमेरे किती घ्यायचे?’ इथूनच सुरू होते. आमचीही तशीच झाली. सोलापूरबाहेर महामार्गालगतचा परिसर, माळरान आणि वेड्या बाभळी. कोटेशन मागवण्याआधी अंधारात एकदा पायी फिरलो आणि निम्मी यादी तिथंच बदलली.

फेरी अमावास्येच्या आसपास, रात्री सात ते दहा. सोबत रेक्टर मॅडम, इलेक्ट्रिशियन, एक गार्ड आणि त्या वाटेनं रोज ग्रंथालयातून परतणाऱ्या दोघी-तिघी मुली. पाय कुठं आपोआप भरभर उचलले जातात, हे त्याच नेमकं सांगतात. कसोटी साधी: पंधरा पावलांवरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यायला हवा. नाही आला, की जवळच्या खांबावर खडूनं फुली.

फुल्यांची कारणं फुटकळ निघतात. दिवा चालू असतो, पण खाली कडुनिंबाची फांदी पसरलेली. टायमर उन्हाळ्यात सातला लावलेला असतो. इथं जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सहाच्या आधीच. म्हणजे प्रॅक्टिकल सुटायच्या वेळी तासभर काळोख. टायमर काढून फोटोसेल (अंधार पडताच दिवा आपोआप लावणारा सेन्सर) बसवला की ही कटकट संपते.

मग कॅमेरे. रात्री चित्र पांढरंफट्ट दिसलं तर आधी लेन्सपुढचं कोळ्याचं जाळं झाडा. इन्फ्रारेडचा उजेड त्यावरूनच परत येतो. पश्चिमेकडं तोंड केलेला गेटचा कॅमेरा संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या दाखवतो, तो फिरवा.

खरी गोम साठवणुकीत आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) सलग चालला तर दिवसाला २१.६ जीबी खातो. १६ कॅमेऱ्यांचे झाले जवळपास ३४६ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जायला लागतं. कोटेशनातले ‘३० दिवस’ अनेकदा फक्त हालचाल झाल्यावर होणारं रेकॉर्डिंग धरून लिहिलेले असतात. सलग हवं असेल तर साडेदहा टीबी लागतात. आता हे कायद्याशेजारी ठेवून बघा. यूजीसीच्या २०१५च्या विनियमांनुसार लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करता येते. मुलगी धीर गोळा करून येईपर्यंत फुटेज कधीच गेलेलं असतं. म्हणून नियम असा केला: तोंडी कुणकुण लागली तरी त्या वेळेचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढायचं, तक्रार येवो न येवो. डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ दर सोमवारी मोबाइलशी ताडायचं. फुटेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू बोटाचा ठसा) लागते, ती कॉपी करतानाच काढून ठेवलेली बरी.

गार्डचं रजिस्टर उघडलं की बारा, एक, दोन, तीन... सगळीकडं ‘सर्व ठीक’, एकाच शाईत, एकाच दमात. गार्डवर चिडण्याआधी हिशेब करावा. पहाऱ्याची एक जागा अहोरात्र म्हणजे आठवड्याला १६८ तास. माणशी ४८ तासांनी साडेतीन माणसं लागतात, रजा धरून चार. दोन माणसांत उरकायला गेलं की फेऱ्या कागदावरच होणार. टॉर्च, खुर्ची आणि स्वच्छतागृह हे तर आधीच हवं.

पोलिसांकडं जाताना हद्द नकाशावर पाहून जा. सोलापुरात शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण अधीक्षकांचा कारभार वेगळा. परिसर हद्दीजवळ असला की पत्र टेबलांवरून फिरत राहतं. गुन्हा नोंदवताना मात्र हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यायला सांगतं. ११२वर फोन करणाऱ्याला ‘मेन गेटजवळ’ एवढं सांगून भागत नाही, म्हणून दिव्याच्या प्रत्येक खांबावर मोठा क्रमांक रंगवला आणि तोच नकाशा ठाण्यात दिला. संयुक्त रात्रफेरी मागायची तर जानेवारीचा मध्य सोडून मागा. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या जत्रेच्या, दिवसांत सगळं बळ सिद्धेश्वर यात्रेच्या बंदोबस्ताला लागलेलं असतं.