शिसं कुणाचं

माझ्या बेंचच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात चांदीचा नऊएक मिलिमीटरचा वाकडा तुकडा, एका अंगाने वाळवी लागलेल्या लाकडासारखा पोखरलेला. तीन आठवडे झाले, रोज काम सुरू करताना ड्रॉवर उघडते, पिशवी दिसते आणि पुन्हा तेच सगळं डोक्यात सुरू होतं. म्हणून लिहून काढतेय.

आम्ही पाच जण दागिने घडवायचा एक स्टुडिओ शेअर करतो. बेंच ज्याचा त्याचा, बाकी सगळं सामाईक. टॉर्च, म्हणजे गॅसच्या ज्वालेचे, दोन, पत्रा दाबून पातळ करायची रोलिंग मिल एक, पॉलिशची मोटर एक, पिकलचं भांडं एक. बाहेरच्यांना वाटतं पाच कलाकार एकत्र म्हणजे दिवसभर डिझाइनच्या गप्पा चालत असतील. खरं सांगायचं तर आमची निम्मी भांडणं पिकलवरून होतात. पिकल म्हणजे कोमट आम्ल, सोल्डरिंग (सोल्डर, म्हणजे लवकर वितळणारा मिश्रधातू, वितळवून जोड लावणं) झाल्यावर चांदीवरचा काळपटपणा आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून आधी लावलेला लेप, त्यात निघून जातो. त्यात तांब्याचा किंवा लाकडाचाच चिमटा घालायचा हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं, पण घाईत कोणीतरी लोखंडी चिमटा बुचकळतो आणि मग भांड्यात ज्याची ज्याची चांदी असेल ती तांब्यासारखी गुलाबी होऊन बाहेर येते. मिलचंही तेच, ओला पत्रा त्यातून काढला की रोलरला गंज आणि तो गंजाचा ठिपका पुढे प्रत्येकाच्या पत्र्यावर उमटत राहतो. सामाईक जागेत एकाची चूक दुसऱ्याच्या वस्तूवर दिसते, आणि तोपर्यंत पहिला घरी गेलेला असतो.

तर ती अंगठी. एक ताई घेऊन आल्या. वडिलांनी स्वतः केलेली, वडील सोनार वगैरे नव्हते, हौस म्हणून घरीच एका टेबलावर काम करायचे. रुंद पट्टीची चांदीची अंगठी, वर एक पान, त्याच्या शिरा छिन्नीने हाताने काढलेल्या, आणि पट्टीवर सगळीकडे हातोडीचे बारीक ठोके. ठोके एकसारखे अजिबात नव्हते, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला जाता जाता विरळ झालेले, जणू हात दमला असावा. मला ते फार आवडले, मशीनने किंवा माझ्यासारख्या सरावलेल्या हाताने असे ठोके येतच नाहीत. वडील गेल्यावर ताईंना ती घालायची होती पण बोटात जाईना. दोन साइझ वाढवायची होती. अमेरिकन मापात एक साइझ म्हणजे घेरात साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटरचा तुकडा मागे घालायचा. आमच्याकडचं सगळ्यात साधं काम, दिवसाला चार करते.

जुनी वस्तू आली की मी ती आधी दहापट भिंगाखाली बघते, हा नियम मी कधी मोडत नाही आणि त्या दिवशीही मोडला नाही. पानाचा जोड चांगला होता, पक्का, चांदीच्याच सोल्डरचा. मागचा जोड मात्र जरा करडा दिसला. मी टोचणीने खरवडून बघितलं, मऊ लागलं का? थोडं लागलं असं आज वाटतं. त्या दिवशी वाटलं की वर्षानुवर्षांचा मळ आहे. ताई म्हणाल्या होत्या, "बाबांनी एकदा मागून तुटली म्हणून घरीच परत जोडली होती, कशाने ते नाही माहीत." हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

मग नेहमीप्रमाणे. जुन्या जोडावरच करवत चालवली, दोन्ही टोकं कानशीने सपाट केली, पाच मिलिमीटरचा नवा तुकडा कापून वाकवून मधे घट्ट बसवला. इथे उजेडात धरून बघायचं, फटीतून प्रकाश दिसला तर सोल्डर ती फट भरत नाही. आमच्याकडे नव्याने येणारी मुलं फट सोल्डरने बुजवायला बघतात आणि सहा महिन्यांनी जोड उलला की सोल्डरला नावं ठेवतात. माझे जोड मी केसाचीही फट न ठेवता बसवते, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पानाच्या जोडाला गेरूचा लेप लावला म्हणजे आच लागली तरी तिथलं सोल्डर हलणार नाही, फ्लक्स लावला, सोल्डरचे दोन बारीक कण ठेवले आणि टॉर्च पेटवला.

शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, आपण वापरतो ती ९२.५ टक्केवाली ८०० च्या पुढे सैल पडायला लागते, आणि सोल्डर त्याच्या जरा आधी, ७०० च्या वर वितळून पळतं. म्हणजे खेळायला जागा फार नसते. आच आधी सगळ्या अंगठीवर फिरवायची, जोडावर एकदम नाही. फ्लक्स फुगला, बसला, काचेसारखा झाला. चांदी मंद लाल दिसायला लागली. आता सोल्डर पळणार म्हणून मी ज्वाला जोडावर आणली आणि तेवढ्यात जोडाच्या शेजारी, नव्या तुकड्यावर नाही, जुन्या पट्टीवर, एक करडी ओली चकाकी पसरताना दिसली. सोल्डरची चकाकी पिवळसर-पांढरी असते आणि जोडाच्या रेषेत धावते. ही पसरत होती, थेंब कागदावर पसरतो तशी. मी ज्वाला काढली पण तोपर्यंत तिथला पृष्ठभाग आत बसला होता.

पिकलमधून काढून बघितलं तर खड्डे. तीन मोठे, आजूबाजूला बारीक बारीक, आणि एक जवळजवळ आरपार. वडिलांचे ते विरळ होत गेलेले ठोके नेमके तिथे होते.

हे शिसं करतं. रेडिओ दुरुस्तीचं जे साधं सोल्डर असतं, कथील आणि शिशाचं, ते १८३ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. त्याने चांदी चिकटवली आणि तशीच ठेवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण तीच वस्तू नंतर कोणी ७०० पर्यंत तापवली की शिसं आणि कथील नुसतं वितळून बसत नाही, चांदीला स्वतःत विरघळवत आत शिरतं. शिसं आणि चांदी योग्य प्रमाणात मिसळली तर ते मिश्रण ३०४ अंशांनाच पातळ होतं, कथील आणि चांदीचं २२१ ला. म्हणजे ९६२ अंशांपर्यंत टिकणारी चांदी शिशाच्या संगतीत इतक्या कमी आचेला विरघळायला लागते. कानशीच्या दातात अडकलेला टाचणीच्या टोकाएवढा कणसुद्धा पुरतो. म्हणूनच शिशाची हत्यारं वेगळी, टेबल वेगळं, ही आमची शिस्त असायला हवी. कागदावर आहे सुद्धा.

मी खुर्चीवर किती वेळ बसले माहीत नाही. कोंदणाचं काम करणारे काका शेजारी बसतात, त्यांनी अंगठी हातात घेतली, भिंग लावलं आणि म्हणाले, "शिसं आहे. जुन्या जोडात असणार. खरवडून घ्यायला हवं होतंस." एवढंच बोलले. त्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळी ताईंना फोन केला. मी म्हटलं, ताई, अंगठी खराब झालीय, मागचा भाग खाल्ला गेलाय, जुन्या जोडात शिशाचं सोल्डर होतं ते तापवल्यावर आत शिरलं, आणि मी ते आधी ओळखायला हवं होतं. बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे बाबांनी चुकीचं जोडलं होतं का?" मी म्हटलं, "त्यांच्या हाताशी जे होतं त्याने जोडलं असेल." त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानस साफ करायला घेतली. तारेच्या ब्रशने दातातून चांदीचा कीस काढायचा, तो जमा करायचा, हे आठवड्याचं काम. कानशीच्या टोकाकडे दातात करडे कण होते. नखाने दाबले तर दबले. शिसंच.

पहिल्यांदा वाटलं, बरोबर, अंगठीचा जुना जोड मी याच कानशीने घासला, तिथलंच लागलं असणार. मग आठवलं की ही कानस माझ्या बेंचवर नसते, ती टॉर्चजवळच्या खुंटीवर असते, सगळ्यांची. आणि आमच्यातल्या एकीने, ती पत्र्याला वाट्या पाडून कानातले करते, दोनच दिवसांपूर्वी ठोकायला शिशाचा नवा ठोकळा ओतून घेतला होता. शिशावर पत्रा ठेवून ठोकला की छान खोलगट होतो, चरा पडत नाही, फक्त मधे कागद ठेवायचा आणि नंतर पत्रा स्वच्छ पुसायचा. मी तिला विचारलं, ठोकळ्याच्या कडा कशाने घासल्यास? ती म्हणाली, "माझ्याच जुन्या कानशीने." थोड्या वेळाने स्वतःच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "एक कोपरा कदाचित त्या खुंटीवरच्या कानशीने घासला असेल. मला खरंच आठवत नाहीये गं."

तिच्यावर चिडले. चिडायचा हक्क होता आणि आहे, शिशाचं काम कोपऱ्यातल्या टेबलाबाहेर करायचं नाही हे तिला माहीत होतं, आणि तिच्यासारख्या हुशार मुलीने असा ढिसाळपणा करावा याचं मला जास्त वाईट वाटलं. पण चिडून झाल्यावर जे उरलं ते वाईट होतं. कानशीतलं शिसं अंगठीतून आलं की अंगठीतलं शिसं कानशीतून आलं? मी दोन्ही टोकं त्याच कानशीने घासली होती. माग दोन्हीकडे जातो आणि दोन्ही माग एकसारखेच दिसतात.

आणि पान. पान हललंही नाही. त्या माणसाला चांदी चांदीने जोडता येत होती, पक्की जोडता येत होती, शिरा बघा, ठोके बघा. मग तुटलेली पट्टी तो रेडिओच्या सोल्डरने का जोडेल? जोडेलही, म्हातारपणी हात थरथरत असतील, टॉर्च पेटवणं जमत नसेल, कोण सांगणार. पण मी फोनवर एका क्षणात सांगून टाकलं होतं. मी "ओळखायला हवं होतं" म्हटलं, माझी चूक मान्य केली आणि तरी शिसं मात्र त्यांच्या नावावर लिहून मोकळी झाले. ते काही बोलायला येणार नव्हते.

अंगठी दुरुस्त केली. खड्ड्यांच्या पलीकडे चांगली चांदी लागेपर्यंत कापत गेले, प्रत्येक टोक आधी हलकंच तापवून बघितलं, शिसं उरलं असेल तर लालीच्या बरंच आधी करडं चमकतं. नऊ मिलिमीटर गेलं. नवा तुकडा घालायचा तर त्यावर ठोके कसे द्यायचे हा प्रश्न. मी चार पट्ट्यांवर सराव केला, डाव्या हाताने ठोकून बघितलं, हातोडी सैल धरून बघितलं. चौथी पट्टी बरीच जुळली. ताईंना दोन्ही दाखवल्या, ठोके असलेली आणि गुळगुळीत. त्यांनी गुळगुळीत निवडली, बोटाच्या आत कोणाला दिसणार आहे म्हणाल्या, पण अंगठी उलटी करून त्या बराच वेळ त्याच जागेकडे बघत होत्या.

कापलेला तुकडा त्यांना द्यायला काढला होता तेव्हा एक गोष्ट सुचली, ती आधी का सुचली नाही कळत नाही. रेडिओच्या सोल्डरमध्ये शिशाबरोबर कथील असतं. तिच्या ठोकळ्यात नुसतं शिसं आहे, पावती आहे तिच्याकडे. दागिन्यांची शुद्धता तपासतात त्या एक्स-रे मशीनवर हा तुकडा ठेवला तर काही मिनिटांत कळेल, कथील दिसलं तर शिसं जुन्या जोडातलं, शिसं आहे पण कथील नाही तर आमच्या कानशीतलं. वस्तू फुटत नाही, झिजत नाही.

हे सगळं मी त्यांना समोर बसून सांगितलं. कानस, ठोकळा, माझा घाईचा फोन, सगळं. त्या दिवशी मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले, असं सांगितलं. मजुरी घेतली नव्हतीच. त्यांनी शांतपणे ऐकलं. तुकडा त्यांचा आहे, तपासायचा की नाही हे त्यांनी ठरवावं, असं म्हटलं. त्यांनी पिशवी हातात घेतली, उजेडात धरली, आतला तुकडा बोटाने चाचपला.

"तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "मी विचार करून सांगते."

अजून फोन आलेला नाही. शिशाचं टेबल आता टॉर्चपासून लांब गेलंय, त्या कानशीची मूठ लाल रंगवलीय आणि ती त्याच टेबलाला साखळीने बांधलीय. वाट्या पाडणारीने स्वतःच रंगवली. माझी स्वतःची कानस मी रोज घरी घेऊन जाते.