बहात्तराव्या नंबरचा माणूस

आमच्या टेनिस कोर्टवर येणाऱ्या पालकांना खेळाडूंची नावं विचारली की तीन-चारच नावं निघतात. फेडरर, नदाल, जोकोविच, आता अल्काराझ. मी सेसिल मामीटचं नाव घेतलं की "कोण ओ हा?" असं होतं. साताऱ्यात पोरं शिकवणाऱ्याला खरं तर हाच माणूस जास्त कामाचा.

मामीट १९७६चा. जन्म लॉस एंजेलिसचा, आईवडील फिलिपिनो. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकायला गेला आणि पहिल्याच वर्षी, १९९६ मध्ये, तिकडच्या आंतरकॉलेज स्पर्धेत एकेरीचा चॅम्पियन झाला. उंची साधारण पाच फूट आठ इंच. म्हणजे आपल्या पोवई नाक्यावर उभा केला तर कुणी वळूनही बघणार नाही.

१९९९च्या फेब्रुवारीत सॅन होजेच्या स्पर्धेत त्याची गाठ अगासीशी पडली. अगासीने कोर्टवर शिवीगाळ केली आणि अंपायरने त्याला मॅचमधूनच बाहेर काढलं. त्याच वर्षी अगासी फ्रेंच ओपन आणि यूएस ओपन जिंकून जगात पहिला झाला, त्यामुळे हा किस्सा नेहमी अगासीचा म्हणूनच सांगतात. मामीट नुसता 'समोरचा खेळाडू'. पण हा समोरचा खेळाडू त्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत गेला होता! तिथे सहा फूट पाच इंचांच्या मार्क फिलिपूसिसकडून हरला. त्याच वर्षी त्याचा रँक ७२ झाला, आणि तोच आयुष्यातला सर्वोत्तम.

"बहात्तरच?" असं पालक म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण खेळतात. त्यातले १६ क्वालिफाइंगमधून, म्हणजे आधीच्या पात्रता फेऱ्या जिंकून, ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने, उरलेले १०४ थेट रँकिंगवर. बहात्तरावा म्हणजे वर्षातल्या चारही मोठ्या स्पर्धांना कुणाच्या पाया न पडता थेट प्रवेश. शिवाय ते टिकवायचं. रँकिंगचे पॉइंट ५२ आठवड्यांनी गळतात. गेल्या वर्षी फायनल खेळलात तर यंदा त्याच आठवड्यात परत तेवढं करून दाखवा, नाहीतर उतरा खाली. मोठी सर्व्हिस हाताशी नसलेल्या माणसाला हे सगळं पायांवर करावं लागतं.

पायांवर म्हणजे कसं, ते आमच्या मातीच्या कोर्टवर नीट दिसतं. समोरच्याची रॅकेट बॉलला लागायच्या बेताला छोटी उडी, दोन्ही पाय एकदम खाली, टाचा किंचित वर. स्प्लिट स्टेप. ही बरोबर पडली की मातीत दोन आखूड खुणा शेजारी शेजारी उमटतात. उशीर झाला की एकच लांब ओरखडा. माझ्याकडे एक बारा वर्षांची मुलगी आहे, बॅचमध्ये सगळ्यात बुटकी. तिच्या बेसलाइनमागे सकाळभर नुसत्या जोडखुणा. उंच पोरांच्या बाजूला नांगरट.

मामीट पुढे आईवडिलांच्या देशाकडून खेळला. तिशीत. २००६च्या दोहा एशियाडमध्ये फिलिपिन्ससाठी एकेरीचं ब्राँझ आणलं. (आपल्याला त्या एशियाडमधलं पेस-भूपतीचं दुहेरीचं गोल्ड तेवढं आठवतं.) मग खेळणं थांबवलं आणि कोच झाला.

'कोच झाला' हे आपल्याकडे 'काही जमलं नाही' अशा सुरात म्हणतात, ते मला मान्य नाही. अगासीचा त्या काळातला कोच ब्रॅड गिल्बर्ट स्वतः एकही ग्रँड स्लॅम जिंकला नव्हता. ज्याला प्रत्येक पॉइंट घासून मिळवावा लागला, त्याला तो कसा मिळतो हे तोंडाने सांगता येतं. ज्याला उपजत येतं तो म्हणतो, "असं मार की."

परवा त्या मुलीचे वडील आले. "सर, हिची उंची काय वाढंना. बॅडमिंटनला घालू का?" बॅडमिंटनला काय बुटके लागतात असं यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी मामीट सांगितला, सॅन होजे सांगितलं, १०४चा हिशेब सांगितला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ते सगळं खरं, पण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा असतात, त्यात बसतं का हे?"

म्हटलं, "एशियाडचं ब्राँझ आहे ओ त्याच्याकडे. आपल्याकडचा असता तर अधिकारी झाला असता. आपल्या माण तालुक्याची धावपटू ललिता बाबर झाली का नाही?"

"अस्सं होय," म्हणाले. "मग उद्यापासून सहालाच पाठवतो."