खोटं न बोलणारा नायक

तीन वर्षं मी एकही पुस्तक संपवलं नव्हतं. हे लिहायला जड जातंय, कारण तुमच्यातले बरेचजण मला वाचणारी म्हणूनच ओळखतात. आयर्लंडला येताना 23 किलोच्या बॅगेतून दोन स्वेटर काढून मी अकरा मराठी पुस्तकं कोंबली होती. ती अकराच्या अकरा इथे क्लेअर काउंटीतल्या माझ्या खिडकीत उभी आहेत. प्रत्येकात तिसाव्या-चाळिसाव्या पानाच्या आसपास खूण आहे. त्यापुढे मी गेलेच नाही.

फोनला दोष देऊन झाला. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. दिवसभर कामावर इंग्रजी वाचायचं, म्हणून संध्याकाळी इंग्रजी पुस्तक उघडलं की कामावर परत गेल्यासारखं व्हायचं. मराठी उघडलं की घर. दोन पानांत कुणाची तरी ओसरी यायची, कुणाची तरी आई हाक मारायची, आणि मी पुस्तक उपडं ठेवून घरी फोन लावायची. वाचायला जागाच उरली नव्हती.

यंदा फेब्रुवारीत पावसाला चुकवायला म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात शिरले आणि निघताना एक जाडजूड कादंबरी उचलली. सहाशे पानं, मुखपृष्ठावर काटेरी फांदी आणि सोनेरी अक्षरं. अद्भुत जगात घडणारी प्रेमकथा. हल्ली याला ‘रोमँटसी’ म्हणतात. नाव सांगत नाही, कारण हे परीक्षण नाही. तुम्ही ते वाचावं असा आग्रहही नाही. सवयीप्रमाणे पुस्तक कित्येक आठवडे उशाशी पडून राहिलं. मग एका शुक्रवारी रात्री उघडलं आणि मंगळवारी पहाटे संपवलं.

गोष्ट साधी आहे. होडी चालवणारी एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत टेकडीखालच्या लोकांच्या दरबारात पोचते. तिथला एक सरदार तिला मदत करतो, की फसवतो, हे कळायला चारशे पानं जातात. या लोकांना खोटं बोलता येत नाही. तो त्यांच्यावरचा शापच आहे. त्यामुळे ते खोटं न बोलता फसवतात. ती विचारते, “माझ्या भावाला पाहिलंस का?” तो म्हणतो, “त्या वाटेनं बरेचजण जातात.” मी पुढे गेले, थांबले, मागे आले. त्यानं उत्तर दिलंच नव्हतं! त्यानंतर त्याचं प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचू लागले. कुठे क्रियापद टाळलंय, कुठे प्रश्नाला प्रश्न केलाय. तीन वर्षं ओळींवरून नुसते डोळे फिरवणारी मी एका माणसाच्या शब्दांकडे कान देऊन बसले होते. आणि शेवटी जेव्हा तो आडवळण न घेता एक सरळ वाक्य बोलतो, तेव्हा त्या एका वाक्यासाठी मी ढसाढसा रडले. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाचं “राहा” म्हणजे काय असतं, ते आधीची चारशे पानं नीट वाचल्याशिवाय कळत नाही.

त्या जगात माझं घर कुठेच नव्हतं, हेही औषधच ठरलं. आठवण यावी असं त्यात काही नव्हतं.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा मुदत उलटून बरेच दिवस झाले होते. दंडाची तयारी होती, माफीची वाक्यं पाठ होती. काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी उशिराचा दंड 2019 पासूनच बंद केलाय. तीन वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं! मग त्यांनी विचारलं, “संपवलंत ना?” हो म्हटल्यावर दुसरा भाग इथे नव्हता तो त्यांनी दुसऱ्या काउंटीतून मागवला, तोही फुकट. देशभरातली सार्वजनिक ग्रंथालयं इथे एकाच कार्डावर चालतात. मला सगळ्यात भिडलं ते हे, की त्यांनी त्या सोनेरी मुखपृष्ठाकडे बघून चेहरा बदलला नाही.

चेहरा बदलला तो आपल्या माणसांचा. वाचनगटात मी आनंदानं फोटो टाकला, तर आतेभावाचा लगेच फोन. “अगं, वय काय तुझं, वाचतेस काय! तिकडे जाऊन हेच?” मागोमाग गटातही उपदेश आले. वास्तववादी कादंबरी, चरित्र, वैचारिक वगैरे वाच, परीकथांतून बाहेर ये.

मला याचा फार राग आला आणि अजून गेलेला नाही. दादा, तू ज्याला ‘कादंबरी’ म्हणतोस तो शब्द आला कुठून? सातव्या शतकात बाणभट्टानं लिहिलेल्या प्रेमकथेतून. कादंबरी हे त्यातल्या गंधर्वकन्येचं नाव. चंद्रापीड आणि ती, पुंडरीक आणि महाश्वेता, शाप, मरण, पुनर्जन्म, आणि जन्म बदलले तरी न सुटणारं प्रेम. बाणभट्ट ती पुरी न करता गेला, तेव्हा त्याच्या मुलानं ती पूर्ण केली. एका अद्भुत प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आपण साऱ्या साहित्यप्रकाराला दिलं आणि आता त्याच गोष्टीला नाक मुरडतो? मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या तरी काय होत्या? 1861 ची ‘मुक्तामाला’, 1868 ची ‘मंजुघोषा’, दोन्ही अद्भुतरम्य. अरबी सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितानं. त्यांना कुणी वय विचारलं होतं का? वास्तववादी कादंबरी मला प्रिय आहे, माझ्या अकरांतल्या सात तशाच आहेत. पण आजारातून उठलेल्या माणसाला कुणी पहिल्या दिवशी डोंगर चढायला लावत नाही.

इथल्या लोकांच्या बाबतीत मी थोडी पक्षपाती होतेय, कळतंय मला. पण पुस्तकातले टेकडीखालचे लोक मुळात इथलेच. तुआहा दे दानन नावाचे दैवी लोक युद्ध हरले आणि मातीच्या टेकाडांखाली राहायला गेले, अशी इथली जुनी कथा. त्यांना ‘ईस शी’ म्हणतात, आणि आजच्या या कादंबऱ्यांतले देखणे, धोकादायक सरदार बऱ्याच अंशी त्यांचेच वंशज. मी रोज सहकारी मैत्रिणीच्या गाडीतून एम 18 महामार्गाने कामाला जाते. वाटेत ‘लाटून’ नावाच्या ठिकाणी हॉथॉर्नचं एक काटेरी झाड आहे. 1999 मध्ये रस्ता त्यावरून जाणार होता. एडी लेनिहन या कथाकारानं ते परींचं झाड आहे, तोडू नका, म्हणून आवाज उठवला आणि झाड वाचलं. 2002 मध्ये कुणीतरी त्याच्या फांद्या करवतीनं छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं. तीन वर्षं मी त्याच्या शेजारून फोन बघत गेले होते.

मैत्रिणीच्या माहेरच्या शेतात असंच परींचं मानलं जाणारं एक जुनं मातीचं गोल कडं आहे. वडील नांगर त्याच्या भोवतीनं फिरवतात. मी विचारलं, मानतात का ते? ती म्हणाली, “विचारलं तर नाही म्हणतील. पण नांगर नाही घालणार.” हे उत्तर मला माझ्या नायकाच्या तोंडी शोभलं असतं.

त्याच गाडीत तिनं मला ओशीन या इथल्या दंतकथेतल्या वीराची गोष्ट सांगितली. नीव नावाची राजकन्या त्याला पांढऱ्या घोड्यावरून चिरतारुण्याच्या देशात नेते. तीन वर्षांनी त्याला घराची ओढ लागते. परततो तर इथे तीनशे वर्षं उलटलेली, ओळखीचं कुणी नाही, आणि घोड्यावरून पडून जमिनीला पाय लागताच तो म्हातारा होतो. मी तिला आपली रेवतीची गोष्ट सांगितली. रेवतीसाठी वर विचारायला राजा ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, गाणं संपेपर्यंत थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं सरली. मैत्रीण म्हणाली, तुमचा हिशोब आमच्यापेक्षा फारच मोठा आहे. मला उगाचच अभिमान वाटला. पण रेवतीला परतल्यावर बलराम मिळतो. ओशीनला कुणीच नाही. तीन वर्षं, हा आकडा ऐकून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रात्री आईला फोन केला. आतेभावाचं सांगितलं. ती म्हणाली, “वाचतेयस ना पुन्हा? मग वाच. आणि त्या मुलीचा भाऊ सापडला का, ते सांग आधी.”

सापडला, पण कसा ते सांगायला अर्धा तास लागला. मध्ये ती दोनदा “थांब, तो काय म्हणाला नेमकं?” असं विचारत होती.

दुसरा भाग अजून आलेला नाही. रांगेत माझ्यापुढे चारजण आहेत. तोवर खिडकीतल्या अकरांतलं एक काढलंय, ज्यात पहिल्याच पानावर ओसरी आहे. खूण छत्तिसाव्या पानावर होती. काल रात्री एकसष्टावर आले, आणि फोन सकाळी लावला.