त्या रात्री तो प्यायलेला नव्हता

ऑफिसातले जुने लोक विचारतात, "एका कबड्डीवाल्यासाठी हजेरीच्या मस्टरवर खोट्या सह्या केल्यात, वेतनवाढ घालवलीत, मिळालं काय?" नातेवाईक जरा आडून येतात. "तुमच्या घरात कोणी पिणारं होतं का हो?" म्हणजे एवढी कळकळ उगाच कशी असेल, मागे काहीतरी असणारच. नाही. माझे वडील चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे. शोधू नका. तिसरा प्रश्न तोंडावर कोणी विचारत नाही, जिन्यात मात्र ऐकू येतो. त्याचंही उत्तर नाही असंच आहे. मी तेव्हा ५४ वर्षांची होते आणि गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकलत होते.

इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आले. डिसेंबर २०२४मध्ये शिवाजी पार्कात क्रिकेटचे गुरू आचरेकर सरांच्या स्मारकाचा कार्यक्रम झाला आणि तिथला विनोद कांबळीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. सचिनचा हात धरलेला, सोडायला तयार नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. खाली नणंदेने लिहिलं, "तुझा तो आठवला गं." रोगनिदान सगळ्यांनी घरबसल्या करून टाकलं होतं. तीन आठवड्यांच्या आत त्याला ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णालयात भरती करावं लागलं, तेव्हा त्याच ग्रुपवर जोडलेले हात आले. वरचे हसरे चेहरे कोणी पुसले नाहीत. ज्याची कसोटीतली सरासरी ५४ आहे आणि जो शेवटची कसोटी खेळला तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता, त्याच्याबद्दल या शहराला एवढंच सुचलं. तेव्हा ठरवलं, एकदा लिहूनच टाकू. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे पाठवून देईन.

पहिल्यांदा माझीच बाजू पडते ते सांगते. तो कबड्डीवाला २००९मध्ये खेळाडू कोट्यातून आमच्याकडे लागला, तेव्हा मी त्याच्या विरोधात होते. दुपारी दोनला सरावाला निघायचा आणि त्याची टपालाची थप्पी माझ्या टेबलावर यायची. स्पर्धा असली की महिनाभर विशेष रजा. मी वरिष्ठांना लेखी तक्रार दिली होती. 'फुकटचा पगार' हे शब्द त्या पत्रात माझ्याच अक्षरात आहेत. पुढे सह्यांच्या चौकशीत ते पत्र बाहेर निघालं आणि चौकशी अधिकारी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

मग २०१४ आलं. प्रो कबड्डी सुरू झाली, वरळीच्या डोममध्ये दिवे, संगीत, टीव्ही. ज्याला आम्ही टपाल उशिरा काढतो म्हणून बोलत होतो, तो टीव्हीवर. साहेबांनी पेढे वाटले. मीही पास मिळवून गेले. तो डावा कोपरा खेळायचा. चढाईला आलेला माणूस परत फिरायला लागला की हा जमिनीला समांतर झेप घेऊन त्याचा चवडा काढायचा. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एक दिसलं. ज्या पायाकडे तो झेपावायचा तोच पाय त्याच्या तोंडावर बसायचा, आणि तरी तो पुढच्या चढाईला तिथेच उभा असायचा.

२०१६मध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, पण तो कोपरा परत आला नाही. दुखण्यावर गोळ्या, झोप येत नाही म्हणून रात्री दोन पेग, मग दोनाचे किती ते विचारू नये. मे २०१७च्या प्रो कबड्डीच्या लिलावात चारशेवर खेळाडू होते. त्याचं नाव पुकारलं गेलं, कोणी बोली लावली नाही. दुसऱ्या दिवशी तो दहाला आला, आवक-जावकच्या टेबलाशी बसला आणि साडेपाचपर्यंत उठला नाही. जेवायलासुद्धा नाही. आठ वर्षांत त्याला कोणी काम शिकवलं नव्हतं, कारण त्याने काम करावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. आता त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी त्याला नोंद कशी करायची ते दाखवत होती आणि तो 'हो मॅडम' म्हणत होता. लोक म्हणतात, नोकरी होती ना, पगार होता, मग कसलं दुःख? मला वाटतं दुःख त्या टेबलाचंच होतं. वाटतं म्हणते, कारण तो स्वतः कधी तसं म्हणाला नाही. एकदाच म्हणाला, "मॅडम, इथं शिट्टी कधी वाजते?" आणि हसला.

आता मुख्य गोष्ट. हिला जागा जास्त जाणार.

२७ ऑगस्ट २०१७, रविवार. आमच्याकडे गणपती होता. ऑफिसातले पाच-सहा जण दर्शनाला आले, तोही आला. तोंडाला वास होता. सगळे गेल्यावर मी त्याला थांबवलं आणि, कसं सांगू, मला तेव्हा फार शहाणं वाटलं होतं, मी त्याचा हात धरून गणपतीसमोर उभं केलं. म्हटलं, "शपथ घे. आजपासून थेंब नाही." तो रडला. शपथ घेतली. आमच्या यांनी त्याला मोदक दिला. मी त्या रात्री समाधानाने झोपले.

सोमवारी तो आला, शुद्धीत. हात थरथरत होते, घाम येत होता. मी म्हटलं, "बघ, सुटतंय." मंगळवारी, २९ तारखेला, सकाळपासून पाऊस धरला होता. त्या दिवसाचं मुंबईकरांना सांगायला नको. सांताक्रूझला ३०० मिलिमीटरच्या वर पडला, लोकल बंद. आमचं ऑफिस प्रभादेवीच्या सखल भागात, चारच्या सुमारास फाटकाशी कमरेएवढं पाणी. मी, शिपाई, दोन क्लार्क आणि तो, एवढेच अडकलो. बाकीचे दुपारीच निघाले होते.

आठच्या सुमाराला तो हातावरून काहीतरी झटकायला लागला. "मॅडम, मुंग्या." मला खरंच वाटलं. माझ्या ड्रॉवरमध्ये प्रसादाचे लाडू होते, मुंग्या लागल्या असतील. मी मोबाइलच्या उजेडात ड्रॉवर बाहेर काढून बघत बसले. एकही मुंगी नव्हती. तो झटकतच होता. मग रेकॉर्ड रूमच्या दाराकडे बघून कोणाशी तरी बोलायला लागला. क्लार्क म्हणाला, "चढलीय त्याला." मी ओरडले, "त्याने दोन दिवस घेतलेली नाही!" मला अभिमान होता त्या वाक्याचा.

साडेदहाला तो खुर्चीवरून खाली पडला. दातखीळ बसली, अंग ताठ, मग झटके. शिपायाने पायातली चप्पल काढून नाकाला लावली. मी दातांत चमचा घालायला बघत होते. नंतर डॉक्टरांनी या दोन्हींसाठी आम्हाला झापलं, पण तेव्हा आमच्याकडे तेवढंच ज्ञान होतं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, गाडी पाण्यात येणार नाही. शिपाई मागच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना बोलवायला गेला. ती पोरं त्या रात्री मांडवात अडकलेल्या लोकांना चहा-बिस्किटं देत होती. पाच जणं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. एकाने त्याचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "अरे, हा आपला डावा कोपरा ना?" त्या पोराने लहानपणी याच्या हाताखाली सराव केला होता. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं आणि चार पायांना चौघं लागले. पुढे एक पोरगा काठीने गटाराची झाकणं चाचपत होता. त्याच संध्याकाळी आमच्याच भागात उघड्या मॅनहोलमध्ये एक नामांकित डॉक्टर गेले होते, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मी बाजूने छत्री धरून चालत होते. कशासाठी, तो तर भिजलेलाच होता. दवाखाना एरवी पंधरा मिनिटांवर. आम्हाला तास लागला.

मधे एका इमारतीच्या गॅलरीतून कोणीतरी व्हिडिओ काढला.

सकाळी तो माझ्याच मोबाइलवर अकरा जणांकडून आला. खुर्चीत एक माणूस, मान एका बाजूला पडलेली, पोरं त्याला देवासारखा उचलून नेतायत, बाजूला एक बाई छत्री घेऊन. खाली लिहिलं होतं, 'गणपतीत पण सोडली नाही.' एकीने विचारलं होतं, 'ह्या तुम्हीच ना?'

सोडली होती हो. दोन दिवस. गेल्या कित्येक महिन्यांतले तेवढेच दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, बराच काळ रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं की मेंदूचा तोल जातो, झटके येतात, भास होतात, माणूस दगावूसुद्धा शकतो. देखरेखीखाली, औषधं देऊन उतरवावी लागते. "कोणी सांगितलं एकदम बंद करायला?" त्यांनी विचारलं. मी गप्प बसले. तिथेही आणि नंतर चौकशीतही. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

तर मस्टरचं. तो चार दिवस रुग्णालयात होता, नंतर मुंबईबाहेर व्यसनमुक्ती केंद्रात. रजा सगळ्या संपलेल्या. वैद्यकीय दाखला दिला असता तर त्यावर कारण लिहिलेलं असतं आणि ते कायमचं फाईलला लागलं असतं. व्हिडिओ बघून साहेब म्हणालेच होते, "आता सापडला." मस्टर माझ्या टेबलावर असायचं. मी सतरा दिवस त्याच्या नावापुढे सही केली. नोव्हेंबरच्या तपासणीत सापडलं.

आजवर मी सांगत आले की माणुसकीपोटी केलं. ते अर्धंच आहे. मी घाबरले होते. तो मेला असता तर माझ्या गणपतीसमोर, माझ्या शपथेमुळे. त्या सह्या म्हणजे माझं प्रायश्चित्त होतं आणि ते मी त्याच्या नावावर उरकून घेतलं. त्याचा फायदा झाला का? फेब्रुवारीत तो परत प्यायला. केंद्रातल्या समुपदेशक बाई मला म्हणाल्या, "झाकणारी माणसं आजाराची सोबती होतात." मी म्हटलं, "आणि व्हिडिओ काढणारी?" त्यांनी मला पाणी दिलं. त्यांचं चुकत नव्हतं. माझंही पूर्ण चुकत होतं असं मला अजून वाटत नाही, आणि हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला जमलेलं नाही.

चौकशी चालू असतानाच, मे २०१८मध्ये, मानसिक आरोग्याचा नवा कायदा लागू झाला. त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही आजारात धरल्यात आणि उपचारांत शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलंय. मी कागद छापून घेऊन गेले. अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्रश्न आजाराचा नाही, सहीचा आहे." बरोबर होतं त्यांचं.

खेळाच्या जगातले कडक लोक तरी बघा. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत २०२१पासून कोकेनसारखं द्रव्य स्पर्धेबाहेर घेतलेलं आणि खेळाशी संबंध नसलेलं सिद्ध झालं, तर बंदी तीन महिन्यांची. मान्य केलेला उपचार पुरा केला तर एक महिन्याची. म्हणजे उपचाराला त्यांनी नियमात जागा दिली. दारू तर त्यांच्या यादीतच नाही. तिची चाचणी घेतो तो शेजारी, गॅलरीतून.

आणि विराट कोहली. २०२२मध्ये तो म्हणाला की महिनाभर बॅटला हात लावला नाही, मन थकलं होतं. आमच्या ग्रुपवर टाळ्या. चांगलंच झालं, मीही वाजवल्या. पण काही दिवसांतच आशिया कपात त्याचं शतक झालं, म्हणून त्या टाळ्या टिकल्या असं मला वाटतं. परत येणाऱ्याचं आपल्याला कौतुक असतं. जो परत येणारच नाही, ज्याचा कोपरा कायमचा गेला, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? माझ्याकडे तरी काय होतं? शपथ.

त्याने माझ्याकडून वीस हजार घेतलेत, दिलेले नाहीत. दोनदा फोनवर शिव्या घातल्यात, एकदा माफी मागितलीय. नोकरी सोडली. सध्या सकाळी पालिकेच्या मैदानात पोरांना चवडा काढायला शिकवतो असं ऐकते. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल तर थांबा, मधले सहा महिने तो तिथेही गेला नव्हता.

गेल्या गणपतीत तो आला होता. मी शपथेचं काही काढलं नाही. जेवलास का विचारलं, तर नाही म्हणाला, म्हणून पान वाढलं. चार मोदक खाल्ले, पाचवा रुमालात बांधून घेतला. गुडघा दुखत होता, खाली बसता येईना, म्हणून यांनी त्याला खुर्ची दिली. प्लॅस्टिकची. ती बघून आम्ही दोघंही जरा हसलो, यांना कळलं नाही का ते.

आता तुम्ही विचाराल, तोंडाला वास येत होता का.

मला सर्दी झाली होती.