रुपयातले चार आणे

मावशी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मशेरीवरनं बोलणार नसशीला तर आत येते."

मी त्यांना लगेच ओळखलं. सात महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसवून मी त्यांना अर्धा तास सुनावलं होतं. तोंडाच्या कॅन्सरचे फोटो एकेक करून समोर धरले होते, तेही सुनेच्या देखत. त्यानंतर मावशी आल्याच नाहीत. माझ्याकडे तर नाहीतच, बीपीच्या गोळ्या न्यायलाही नाहीत. परत आल्या त्या दिवशी त्यांचं बीपी १८०/१०४ होतं. सात महिने गोळीविना गेले ते माझ्यामुळे, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

मी सातारा भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करते. आमच्याकडे पुरुष चुना लावून तंबाखू मळतात आणि बायका मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर फिरवत बसायचं. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री निजताना. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असं निघालं होतं. त्यातल्या कितीजणी मशेरीला तंबाखू म्हणत असतील? माझ्यासमोर बसलेल्या बाया तर सर्रास सांगतात, "तंबाखू न्हाई खात, नुस्ती मशेरी लावते."

"नाही बोलत. बसा," म्हटलं.

गोळ्यांचं झालं, लोणच्या-पापडाचं झालं. मग विषय त्यांनीच काढला. त्यांची धाकटी जाऊ गेल्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेली. "नळीतनं मीच भरवायची तिला. तुमच्या फोटूत हाय ते म्या घरात बघितलंय. आन् दहाव्याचं आवरून घरी आले, तर आदुगर डबी हुडकली."

फोटोंची फाईल टेबलावरच होती. ती मी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

आरोग्याच्या सवयी कशा बदलतात याचे सिद्धांत आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्यातला एक १९५० च्या दशकातला, अमेरिकेतला. क्षयाच्या तपासणीसाठी फुकट एक्स-रेच्या गाड्या वस्तीत जायच्या, तरी लोक यायचे नाहीत. का येत नाहीत, याचा हॉकबाउम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी शोध घेतला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मनात हिशेब मांडतो: हा आजार मला होईल का, झाला तर किती वाईट, उपायानं फायदा काय आणि उपायाच्या आड काय येतं. मी इतकी वर्षं पहिल्या दोन प्रश्नांवरच घसा फोडत होते. मावशींना त्यांची उत्तरं जावेच्या उशाशी बसून मिळाली होती. आड काय येतंय, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"नाही लावली तर काय होतं हो?"

"पोट साफ होत न्हाई." मग जरा थांबून, "सोडली हुती एकदा. ती गेल्यावर म्हैन्यानं. तिसऱ्या दिशी पोट दगडावाणी झालं, डोकं ठणकाय लागलं, नातवाच्या पाठीत धपाटा घातला. तवाच कळलं, आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

म्हणजे या बाईनं कुणाला न सांगता मशेरी सोडून बघितली होती, आणि ऐन चढावर तिनं हार मानली होती. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतो. चिडचिड, डोकेदुखी पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, पुढे दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते. एवढी दोन वाक्यं सात महिन्यांपूर्वी मी बोलले असते तर! मी फोटो दाखवत बसले.

"आन् आळीची मशेरी मीच भाजते," मावशी पुढे म्हणाल्या. "करपू देत न्हाई. दुपारी समद्याजणी माझ्याच उंबऱ्यावर असत्यात." हे सांगताना त्यांच्या आवाजात मान होता. आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय, की आपल्या माणसांना काय वाटेल यावर आपला इरादा ठरतो. मावशींना डबीबरोबर दुपारचा तो उंबराही सोडावा लागणार होता, आणि मी ते मोजलंच नव्हतं.

मद्यपींसोबत काम करताना मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये जी मुलाखतीची पद्धत मांडली, तिच्यात एक प्रश्न विचारतात: शून्य ते दहात तुमचा स्वतःवर किती विश्वास? मी तो आमच्या भाषेत विचारला. "मावशी, सोडायची ठरवलीत तर जमेल असं रुपयात किती आणे वाटतं?"

"चार आणे."

पूर्वीची मी असते तर "एवढेच?" म्हणाले असते. त्या दिवशी विचारलं, "दोन आणे का नाही? चार का म्हणालात?"

मावशी गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग हात गळ्याकडे गेला, तुळशीच्या माळेकडे. "ही घातली त्याला चौदा वर्सं झाली. आमच्यात रोज मासळी असायची बघा. ज्या दिशी माळ घातली त्या दिशी सुटली. घरात आजबी शिजतं, मीच करून वाढते, पर जिभंला लावत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मशेरी सोड म्हून तवा कुणी म्हटलंच न्हाई."

स्वतः एकदा करून दाखवलेली गोष्ट माणसाला सगळ्यात जास्त बळ देते, असं बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ १९७७ मध्ये सांगून गेले. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्यासमोर कुणी आपल्या गळ्यातली माळ धरून ते स्वतःच स्वतःला सांगताना मी पहिल्यांदा बघत होते.

पुढचं त्यांनीच ठरवलं. सकाळची इतक्यात नाही, आधी दुपारची. नुसतं "कमी करीन" नको, मी म्हटलं, कधी आणि काय करणार ते बोला. "हात धुतला की बडीशेप तोंडात टाकीन आन् नातवाला निजवाय आत जाईन." सकाळसाठी कोमट पाणी आणि थोडं चालणं मी सुचवलं. खालच्या ओठाच्या आत बोटाच्या पेराएवढा पांढुरका चट्टा होता, पुसून न जाणारा. तो दातांच्या डॉक्टरांना दाखवायला त्यांच्यासोबत मी स्वतः गेले.

तीन आठवड्यांनी त्या आल्या, सून नव्हती बरोबर. दुपारची बंद होती, मधले दोन दिवस सोडून. ते दोन दिवस त्यांनी आपणहून सांगितले. चट्ट्याचा तुकडा तपासणीला गेला होता, त्यात कॅन्सर निघाला नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. बीपी १४८/९२.

आमच्या रजिस्टरला दोनच रकाने आहेत, ‘सोडली’ आणि ‘सोडली नाही’. मावशी दोन्हींत बसत नव्हत्या. समासात लिहिलं: दुपारची बंद, सकाळची आणि रात्रीची चालू, आळीची भाजणी जावेच्या सुनेकडं दिली. "आता किती आणे?" असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "आठ लिवा." मी आठ लिहिले आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली.