धुक्यातली उकड

माझी नणंद समुद्रकाठच्या पॅसिफिकाला राहते आणि आम्ही आत, डोंगरांपलीकडच्या लिव्हरमोरला. दोन्ही गावे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातलीच, मध्ये अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटरचे. तरीही ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी तिच्याकडे जेवून निघताना आमच्या अंगावर स्वेटर असतात आणि घरी पोचून गाडीचे दार उघडावे तर तोंडावर भट्टीची झळ येते. गाडीतला तापमानाचा आकडा मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याचा मला नादच आहे (इथे तो फॅरनहाइटमध्ये असतो, मी मनातल्या मनात सेल्सिअस करून घेते). पॅसिफिकाला १५, सॅन मटेओचा पूल ओलांडून हेवर्डला आले की २४, कॅस्ट्रो व्हॅलीच्या चढावर २९, डब्लिनला ३५ आणि आमच्या दारात ३८. घाट उतरला की हवा बदलते हे आपल्याला ठाऊक असते, पण इथे घाट म्हणावा असा चढही नसताना तासाभरात तेवीस अंशांचा फरक पडतो.

सासूबाई २०२२ च्या उन्हाळ्यात आल्या तेव्हा पहिला महिनाभर नणंदेकडे होत्या. त्या रत्नागिरीच्या. समुद्र म्हणजे घाम, चिकचिक आणि खारा वारा हे त्यांचे सत्तर वर्षांचे गणित. इथे जुलैत शाल पांघरून खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, समुद्र एवढा दारात, आणि घाम कसा तो नाही. हा कसला समुद्र?" त्यांचा प्रश्न नेमका होता, कारण सगळी मेख समुद्रातच आहे. कोकणच्या किनाऱ्याला मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या आसपास असते. इथे भर उन्हाळ्यात ते बारा-तेरा अंशांवर असते. उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरावर हवेच्या जास्त दाबाचे मोठे क्षेत्र ठाण मांडून बसते आणि त्यामुळे वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहत राहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी सरळ न जाता उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते, आणि त्याची जागा भरायला खोलवरचे थंडगार पाणी वर येते. दूरवरून आलेली दमट हवा किनाऱ्यालगतच्या या गार पट्ट्यावरून जाताना निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते.

हे धुके आपल्याकडच्या पौषातल्या धुक्यासारखे जमिनीतून उठत नाही. ते तयार होऊन समुद्रावरून चालत येते. त्याच्या डोक्यावर उष्ण, कोरड्या हवेचे झाकण असते, कारण त्या जास्त दाबाच्या क्षेत्रात वरची हवा खाली बसते आणि दाबली जाऊन तापते. म्हणून गार थर बहुतेक वेळा तीन-चारशे मीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि किनाऱ्याच्या डोंगररांगा त्याला अडवतात. त्या रांगांत समुद्रसपाटीला एकच मोठी फट आहे, ती म्हणजे गोल्डन गेटची खाडी. तिच्यावरच्या पुलाचे मनोरे २२७ मीटर उंच आहेत. उन्हाळ्यातल्या सायंकाळी धुके पुलाचा रस्ता गिळून टाकते आणि नुसती लाल टोके वर दिसत राहतात.

हे सगळे मी इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत शिकले. पण एक गोष्ट कळायला बराच काळ गेला. किनाऱ्याचा गारठा आणि आमची भट्टी या दोन निरनिराळ्या हवा आहेत, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती एकाच दोरीची दोन टोके आहेत. सॅक्रामेंटो, फ्रेस्नो ही शहरे ज्यात आहेत ते कॅलिफोर्नियाचे मधले खोरे तापले की तिथली हवा हलकी होऊन वर जाते, दाब उतरतो, आणि ती पोकळी भरायला समुद्रावरची हवा डोंगरांतल्या फटींतून आत खेचली जाते. आमच्या गावापलीकडे अल्टामाँटच्या खिंडीत पवनचक्क्यांची रांग आहे. मे ते ऑगस्ट त्या सायंकाळी जोरात फिरतात, त्या याच ओढीमुळे. आम्ही जितके तापतो तितके पॅसिफिका गारठते. नणंद थंडीची तक्रार करू लागली की मी तिला म्हणते, "वन्सं, तुमचे धुके आमच्या पैशाने येते."

ऑगस्टच्या अखेरीस मात्र ही दोरी सैल पडते. दिवस लहान होत जातात, खोरे पूर्वीइतके तापत नाही, वायव्येचा वारा मंदावतो, खालचे गार पाणी वर येणे कमी होते आणि समुद्र वर्षातला सर्वांत कोमट, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास होतो. धुके दोन-दोन दिवस येत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराचा सरासरीने सर्वांत उष्ण महिना जुलै नसून सप्टेंबर आहे, तो यामुळे. पॅसिफिकात धुक्याच्या नावाने जत्रा भरते, तीही सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे धुके दिसण्याची शक्यता बरीच कमी झाल्यावर. ज्याने ही तारीख ठरवली त्याच्या व्यवहारज्ञानाला माझा नमस्कार. याच दिवसांत वरची हवा उलटी फिरली आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला, तर डोंगर उतरताना तो आणखी तापतो. १ सप्टेंबर २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत ४१ अंश नोंदले गेले, आणि त्या शहरात बहुतेक जुन्या घरांत वातानुकूलन नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेली, पंचवीस माणसे घेऊन गेलेली आग अशाच वाऱ्याने पसरली.

आणि नेमका याच दिवसांत आपला गणपती येतो.

२०२२ ची चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. उष्णतेची लाट त्याच आठवड्यात सुरू झाली. गौरी जेवल्या ४ सप्टेंबरला. ५ ला विसर्जन आणि त्या दिवशी लिव्हरमोरचा पारा ४६ च्या वर गेला. सासूबाई तोवर आमच्याकडे आल्या होत्या. हा उकाडा नव्हे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. उकाड्यात माणूस शिजतो, इथे भाजतो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी नैवेद्याच्या मोदकांना बसलो तेव्हा याचा अर्थ कळला. उकड चांगली निघाली होती, तेलपाण्याच्या हाताने मळून लोण्यासारखी झाली होती, पण पारी हातात घेऊन कळ्या पाडायला लागेपर्यंत तिच्या कडेला केसासारख्या चिरा पडत होत्या. हवेत ओलावाच नव्हता. वातानुकूलन चालू ठेवावे तर चिरा अधिक, बंद करावे तर आम्हीच चिरायचो. शेवटी सासूबाईंनी परातीवर ओले पंचे टाकले, एका वेळी लिंबाएवढाच गोळा बाहेर काढला आणि एकेक मोदक वळून होताच तो ओल्या फडक्याखाली सरकवला. एकवीस मोदकांना अडीच तास लागले. शाडूच्या मूर्तीलाही सोंडेजवळ एक बारीक तडा गेला होता. तो आम्ही कोणाला दाखवला नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. वीज वाचवा, असा राज्याचा तातडीचा संदेश होता. त्या दिवशी कॅलिफोर्नियातली विजेची मागणी ५२,००० मेगावॅटच्या पुढे जाऊन उच्चांक झाला होता. आम्ही दिवे मालवून अंगणात बसलो. सासूबाईंनी विचारले, "तुमचे ते धुके कधी यायचे?" पॅसिफिकात ज्याला त्यांनी महिनाभर नावे ठेवली होती, त्याचीच त्या वाट पाहत होत्या.

त्या वर्षापासून आमच्यात एक व्यवस्था ठरली आहे. दूर्वा आमच्याकडच्या. हरळी उन्हात माजते, इथले लोक तिला बर्म्युडा गवत म्हणून उपटून फेकतात, आणि माझ्या मागच्या कुंपणालगत ती कोणी न लावता पसरली आहे. पॅसिफिकाच्या गारठ्यात ती धरत नाही, तुळसही तिथे पावसाळ्यातल्या आजाऱ्यासारखी पिवळी पडते. तेव्हा चतुर्थीच्या आदल्या दिवशी दूर्वांच्या जुड्या आणि तुळशीची पाने ओल्या कापडात गुंडाळून आम्ही पश्चिमेला नेतो, रात्री तिथेच राहतो, आणि पहाटे खिडक्यांवर धुके ठिबकत असताना नणंदेच्या स्वयंपाकघरात उकड काढतो. तिथे पारीला चीर जात नाही. मोदक डब्यांत भरून साडेसात वाजता निघायचे, म्हणजे डब्लिनचे ऊन चढायच्या आत घरी पोचता येते.