खायची थडगी

ऑक्टोबर सरत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, निमित्ताने घरोघरी सांगाडे लटकतात. लेक म्हणाली, आपण खायचे करू. म्हणून आज दुपारी ओट्यावर चॉकलेट फजची, म्हणजे तिकडच्या मऊ वडीची, थडगी उभी आहेत. पायाशी काळ्या बिस्किटांच्या चुऱ्याची माती, मधेमधे पांढऱ्या फजची बुटकी भुतं.

कन्डेन्स्ड मिल्कच्या डब्यात चॉकलेट विरघळवलं की झटपट फज होतं, पण ते मला पटत नाही. साखर, दूध, लोणी चढवावं आणि पारा ११२ ते ११५ अंश सेल्सिअसला आला की उतरवावं. थर्मामीटर आहे घरात, पण माझा भरवसा वाटीतल्या गार पाण्यावर. थेंब टाकला, बोटांत मऊ गोळी वळली, की पाक झाला. पुढचं मात्र आईच्या वड्यांच्या अगदी उलट. पातेलं ४५ अंशांच्या आसपास निवेपर्यंत ढवळायचं नाही, मग हात भरून येईस्तोवर घोटायचं. गरम असतानाच घोटलं तर साखरेचे मोठे कण धरतात आणि फज रवाळ होतं. (आमच्याकडे रवाळ वडीला कुणी नावं ठेवत नाही. असो.) १८८८ मध्ये इथल्या, अमेरिकेतल्या, वासर कॉलेजातल्या एका मुलीने लिलावासाठी ३० पौंड फज केलं होतं म्हणे. तिच्या खांद्यांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

गोड करायचं आणि नुसतं बघायला लावायचं, हा छळ आपल्यालाही नवा नाही. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी चढली की उतरेपर्यंत आम्ही भावंडं खाली घुटमळायचो. गाठीतलं मोठं पदक कुणाचं, हे भांडण सकाळीच सुरू. काकूच्या पहिल्या संक्रांतीला तर काळ्या साडीवर हलव्याचे दागिने, आणि फोटो होईपर्यंत हात लावायची बंदी. धाकट्याने मागून जाऊन कंबरपट्टा दाताने तोडला. हलवा खोलीभर घरंगळला, आजी ओरडली, आणि काकू हसून हसून खाली बसली.

इथे हॅलोविनला खाऊ मागायला दार वाजवणाऱ्या पोरांना मात्र वेष्टनातलं, दुकानातलंच द्यायचं. घरचा उघडा खाऊ आईबाप पिशवीतून काढून टाकतात. म्हणजे हाताने घोटलेलं शोभेला आणि कारखान्यातलं पोटाला! २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आली. पहाटे अंगठ्याने नरकासुर फोडला (कारीट कुठलं मिळायला, चेरी टोमॅटो), संध्याकाळी भुतांना खाऊ वाटला.

थडग्यांवर नावं घालायची राहिली होती. आयसिंगची पिशवी हातात धरून लेकीने विचारलं, "आजीचं घालू?"

आईच्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या, तिला कुठलं थडगं. सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"नुसतं 'बू' लिही," म्हटलं, "जागा कमी आहे."